तेलाचा पडदा

आपल्या समाजाच्या शैक्षणिक मेळाव्यांत आणि गुणवंतांच्या सत्कारात अल-जझरीचं नाव हमखास निघतं. बाराव्या शतकाच्या अखेरीस आणि तेराव्याच्या सुरुवातीस हा माणूस दियारबकरच्या अर्तुकी राजांच्या पदरी होता. १२०६ साली त्याने आपला ग्रंथ पुरा केला. त्यात पन्नास यंत्रं त्याने चित्रांसकट समजावून सांगितली आहेत. १९७४ मध्ये डोनाल्ड हिल यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा त्याची कीर्ती जगभर झाली. त्याच्या पाणी उपसायच्या यंत्रांत क्रँक आहे, आणि वक्त्यांना नेमकं तेच सांगायचं असतं. "मोटारीच्या इंजिनाचा प्राण म्हणजे क्रँक, आणि तो आपल्या माणसाने कागदावर उतरवला!" टाळ्या पडतात. मीही टाळी वाजवतो. तसं पाहिलं तर त्याच्याही आधीचा, तिसऱ्या शतकातला पुरावा हिएरापोलिसच्या एका दगडी शवपेटीवर कोरलेला आहे. त्यात पाण्याच्या चाकाला क्रँक जोडून करवत चालवलेली दिसते. पण त्यामुळे अल-जझरी लहान होत नाही. हाताने करून पाहिलेलं त्याने लिहून ठेवलं, हे मोठंच काम.

मला खटकते ती पुढची गोष्ट. त्याच मांडवात जेवणाच्या पंगतीत कुणीतरी कुणालातरी विचारतं, "धाकटा काय करतो?" उत्तर येतं, "गॅरेजात आहे." मग विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. "अरेरे. शिकवायचं होतं त्याला." आठशे वर्षांपूर्वीच्या क्रँकचा अभिमान आणि आज क्रँक हातात धरणाऱ्या पोराची लाज, दोन्ही एकाच पंगतीला बसलेले असतात. चाळीसहून अधिक वर्षं मी हे ऐकत आलो आहे. ऐकून राग येण्याचं वय आता गेलं. पण एकदा त्या क्रँकबद्दलच लिहावं, तो बसवताना काय करावं लागतं ते सांगावं, आणि त्यात शिक्षण आहे की नाही ते वाचणाऱ्याने ठरवावं, असं मनात होतं. म्हणून हा लेख.

इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि चाकाला तर गोल फिरायचं असतं. वर-खालीचं गोल करणारा दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट. तो सरळ नसतो. ठिकठिकाणी कोपरात दुमडल्यासारखा असतो. त्याचे जे भाग इंजिनाच्या ब्लॉकमध्ये टेकून फिरतात ते मेन जर्नल, आणि ज्यांना पिस्टनचे कनेक्टिंग रॉड येऊन धरतात ते पिन. हे सगळे भाग आरशासारखे गुळगुळीत असतात. ब्लॉक आणि जर्नल, रॉड आणि पिन यांच्यामध्ये जे बसतं ते बेअरिंग. गॅरेजात त्याला कुणी बेअरिंग म्हणत नाही, 'मेटल' म्हणतात. मेन मेटल आणि कॉनरॉड मेटल. दिसायला अर्ध्या बांगडीसारखं. दोन अर्धुकं मिळून एक गोल होतो. पाठ पोलादाची, आतून तांबं-शिसं किंवा अॅल्युमिनियम-कथलाचा थर, आणि अनेकदा त्यावर आणखी एक मऊ मुलामा, मिलिमीटरच्या दोन शतांशाइतका. नखाने ओरखडा उमटेल इतका मऊ. एवढ्या नाजूक वस्तूवर भरलेल्या ट्रॉल्या ओढणारं इंजिन कसं चालतं, हा प्रश्न पहिल्या दिवशी प्रत्येक पोराला पडतो. मलाही पडला होता.

माझ्या वस्तादांनी त्याचं उत्तर एका वाक्यात दिलं होतं. "लोहा लोहे पो नइं चलता, तेल पो चलता." पुढे पुस्तकं वाचली तेव्हा कळलं की हे वाक्य सिद्ध व्हायला मोठमोठे लोक लागले होते. १८८३ च्या सुमारास इंग्लंडात बोशॅम्प टॉवर नावाचे इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल घालण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं. आस फिरू लागल्यावर तेल आत जायच्या ऐवजी भोकातून वर येऊ लागलं. त्यांनी लाकडाची खुंटी ठोकली, तर तेलाने तीही बाहेर ढकलली. फिरणारा आस तेल स्वतःबरोबर ओढून अरुंद जागेत कोंबतो, त्याचा दाब तयार होतो आणि तो दाबच आसाला उचलून धरतो, याचं गणित १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी मांडलं. म्हणजे चालत्या इंजिनात क्रँक बेअरिंगला टेकलेली नसते, तेलाच्या पडद्यावर तरंगत असते. भार जिथे सर्वात जास्त, तिथे हा पडदा मिलिमीटरच्या काही हजारांशांइतकाच उरतो. पडदा फाटला की धातूला धातू भिडतो, मऊ मुलामा वितळतो, आणि 'मेटल सुटलं' म्हणतात ते होतं.

हा पडदा राहायला जागा ठेवावी लागते. ही जागा म्हणजे क्लिअरन्स. जुना ठोकताळा असा, की जर्नलचा व्यास जितके इंच, तितके थाऊ जागा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. साठ मिलिमीटरच्या पिनला साधारण सहा शतांश मिलिमीटर, जवळजवळ माणसाच्या केसाच्या जाडीइतकी. कमी ठेवली तर तेल शिरत नाही, बेअरिंग तापून धरतं. जास्त ठेवली तर तेल बाजूने निसटतं, दाब पडतो आणि ठोके सुरू होतात. इंजिन बांधणाऱ्याचं खरं काम या केसाएवढ्या जागेचा हिशेब ठेवणं आहे. बाकीचं नट-बोल्ट आवळणं कुणीही करतं.

आम्ही शिकलगार. पूर्वज तलवारींना, कट्यारींना पाणी चढवायचे, धार लावायचे. नावच सैकल, म्हणजे घासून चकाकी आणणं, या शब्दावरून आलेलं. तलवारी गेल्या, मग विळे-कोयते आले, कात्र्या आल्या. वडिलांच्या पिढीत काही जण कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गेले, काही गॅरेजात. मी १९७९ मध्ये, दहावीनंतर, वस्तादांकडे लागलो. आमच्याकडे तालमीत शिकवणारा वस्ताद आणि गॅरेजात शिकवणाराही वस्ताद. दोन्हीकडे आधी झाडलोट.

वस्ताद उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने १९५४ पासून १९६९ पर्यंत टाटांचे जे ट्रक निघाले, त्यांच्या सहा सिलिंडरी इंजिनांवर त्यांचा हात बसला होता. सात मेन बेअरिंगं आणि सहा कॉनरॉडची, म्हणजे सव्वीस अर्धुकं. त्याहीआधी, ऐन उमेदवारीत, ते जुन्या ऑईल इंजिनांचं व्हाइट मेटल ओतायचे. कथील, अँटिमनी आणि तांबं यांचा हा मिश्रधातू अमेरिकेत आयझॅक बॅबिटने आणला. १८३९ चं त्याचं पेटंट आहे. बेअरिंगच्या घरात तो ओतायचा, लेथवर बोअर करायचा आणि मग स्क्रेपरने हाताने खरवडायचा. जर्नलला निळा रंग पातळ लावायचा, क्रँक बसवून फिरवायची, काढायची. जिथे निळं लागलं तिथे उंचवटा. तेवढंच खरवडायचं. पुन्हा रंग, पुन्हा क्रँक. अख्ख्या पृष्ठभागावर बारीक निळे ठिपके सारखे विखुरले की बेअरिंग बसलं. एका बेअरिंगला कधी कधी अख्खा दिवस जायचा. जागा मोजायला ते फ्यूजची मऊ तार टोपीखाली ठेवून बोल्ट आवळायचे आणि चेपलेल्या तारेची जाडी मायक्रोमीटरने घ्यायचे. आताच्या पातळ शेलमध्ये ती तार चालत नाही, मुलाम्यात रुतून बसते.

तयार शेल आले आणि खरवडणं संपलं. उलट खरवडणं हा गुन्हा झाला. पण मोजणं संपलं नाही, वाढलंच. वस्तादांकडे एक जाड वही होती. प्रत्येक इंजिनाचं प्रत्येक जर्नल किती, घर किती, जागा किती, हे त्यात उर्दू आकड्यांत लिहिलेलं असे. गिऱ्हाइकाला ती वही कधी दाखवली जात नसे. मी एकदा विचारलं, "वस्ताद, कोण बघतंय ही?" ते म्हणाले, "मैं देखताऊं."

तीनेक वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो. ऑक्टोबर संपत आला होता. कारखाने पेटायच्या बेतात होते आणि गावोगाव ऊसतोडणीच्या टोळ्या उतरत होत्या. आमच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक बापू आपला ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरच्या मागे बांधून घेऊन आले. तीन सिलिंडरी इंजिन, चार मेन बेअरिंगं. वर्षभरापूर्वीच दुसरीकडे इंजिन बांधून घेतलं होतं, ते वर्षातच ठोकायला लागलं. ऑईलचा लाल दिवा लागत होता, पण पेरणीच्या घाईत तसंच चालवलं होतं.

भाचा आयटीआय करून माझ्याकडे आला आहे. त्याने चेंबर उतरवलं. तेलात चांदीसारखी कसपटं चमकत होती. जुने शेल मी कधी लगेच टाकून देत नाही. धुऊन, क्रमाने फडक्यावर मांडून ठेवतो. शेल वाचता येतात. पृष्ठभागावर गोल रेघा म्हणजे तेलात कचरा. एकाच कडेला झीज म्हणजे रॉड वाकडा किंवा पिन निमुळती. पाठीवर काळा ठिपका आणि त्याच्या समोर आतून चकचकीत डाग म्हणजे बसवताना शेलखाली कण राहिला. रॉडचा वरचा शेल जास्त झिजतो, कारण स्फोटाचा धक्का त्यावर येतो. मेनचा मात्र खालचा. बापूंच्या इंजिनात दुसऱ्या पिनच्या शेलचं तांबं उघडं पडलं होतं आणि तिसऱ्याचा शेल घरात फिरून तेलाचं भोक बंद झालं होतं. भाच्याने क्रँकच्या तेलाच्या वाटेत तार घातली, तर ग्राइंडिंगची राखाडी पूड निघाली. ती घट्ट बसली होती. मागच्या वेळी क्रँक घासल्यावर भोकं धुतलीच नव्हती. वर्षभर ती पूड थोडी थोडी सुटून मेटल खात होती.

तिसऱ्या रॉडचं घर मोजलं. सुदैवाने गोलाई शाबूत होती. क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावला, वाक नव्हता. तडा आहे का बघायला तपासून घेतली. मग ती ग्राइंडिंगला गेली. क्रँक घासली की व्यास कमी होतो, आणि तेवढे जाड शेल घ्यावे लागतात. पाव, अर्धा, पाऊण, एक मिलिमीटर, अशा पायऱ्या. ही आधीच पावची झाली होती, आता अर्ध्याची व्हायची होती. प्रत्येक पायरी म्हणजे क्रँकचं आयुष्य एका इयत्तेने कमी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी क्रँक आली. दिसायला देखणी. मायक्रोमीटर लावताना एका पिनचं एकच माप घेऊन भागत नाही. दोन्ही कडांना आणि मधे घ्यायचं, आणि प्रत्येक जागी काटकोनात दोनदा घ्यायचं. त्यावरून पिन लंबगोल आहे का, निमुळती आहे का ते कळतं. कोपऱ्यातली गोलाई राखली आहे ना तेही बघायचं, कारण ती काटकोनी झाली तर क्रँक तिथूनच तुटते. मेन चारही उत्तम होते. पहिली आणि तिसरी पिन उत्तम. दुसरी पिन एका कडेला दुसरीपेक्षा चार शतांशांनी बारीक होती. भाच्याने तीनदा मोजलं, मी दोनदा. आकडा तोच.

बापू आले होते. टोळी येऊन शेतात खोपी घालत होती, उचल दिलेली होती. मी म्हटलं, क्रँक परत जाईल. त्यांचा आवाज चढला. "अवो मेस्त्री, अर्ध्या केसाएवढा फरक म्हणता, आन् त्यापायी गाडी आनिक दोन दिस हुबी ठेवू व्हय? तिकडं मानसं बसून हाईत माजी!"

त्यांचं काही चुकत नव्हतं. ट्रॅक्टरचा दिवस बुडला की टोळीचा बुडतो आणि टोळी दुसऱ्या शेतकऱ्याकडे वळते. ग्राइंडिंगवाल्याला फोन लावला. त्याचं म्हणणं, सरासरी काढली तर पुस्तकातल्या मापात बसतं, बसवून टाका. सरासरी बसत होतीच. पुस्तक या पिनला चार ते आठ शतांश जागा सांगत होतं. इथे एका कडेला पाच आणि दुसरीला नऊ येत होती, सरासरी सात. पण तेलाला सरासरी कळत नाही. रुंद बाजूने ते निसटणार आणि अरुंद कडेवर सगळा भार येणार.

बापूंना आकडे सांगून उपयोग नव्हता. भाच्यालाच सुचलं. त्याने प्लॅस्टिगेजची तार काढली. मेणासारख्या प्लॅस्टिकचा हा बारीक धागा असतो. पिन आणि शेल कोरडे पुसून धागा पिनेवर लांबीच्या दिशेने आडवा ठेवायचा, टोपी लावून टॉर्क पान्याने ठरल्या जोराने आवळायची. मधल्या काळात क्रँक तसूभरही फिरू द्यायची नाही. मग टोपी काढायची. धागा चेपून पट्टी झालेली असते. जागा कमी तितकी पट्टी रुंद. पाकिटावर छापलेल्या पट्ट्यांशी ती ताडून बघायची. पहिल्या पिनेवरची पट्टी दोन्ही टोकांना सारखी आली. दुसऱ्या पिनेवरची मात्र एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती, लांबट पाचरीसारखी.

बापू वाकून बघत राहिले. आयुष्यभर कुऱ्हाडीचा आणि नांगराचा दांडा पाचर मारून बसवणारा माणूस तो. पाचर त्यांना कळली. तरी समाधान झालं नाहीच. म्हणाले, "मग आता?"

सुचवणारे होतेच. शेजारचा एक जुना मेकॅनिक सहज म्हणून गेला, "रुंद बाजूला पत्री लावा की." सिगरेटच्या पाकिटातली चांदीची पत्री शेलच्या पाठीमागे घालून जागा कमी करायची ही जुनी युक्ती आहे. टोपीचं तोंड कानसून जागा आवळायची हीही तशीच. दोन्हींनी चार दिवस इंजिन मऊ चालतं. पण शेल मुद्दाम घरापेक्षा किंचित उंच केलेला असतो. त्याच्या कडा दोन-पाच शतांश वर डोकावतात. टोपी आवळली की तो घरात चेपून घट्ट बसतो, फिरत नाही, आणि अंगातली उष्णता पाठीवाटे पोलादाला देतो. मधे पत्री आली की पाठ टेकत नाही, उष्णता अडकते. टोपी कानसली की घराची गोलाई जाते, आणि पुढच्या कुणाला ते इंजिन कधीच नीट बांधता येत नाही.

क्रँक परत गेली. तिन्ही पिना एका मापाच्या लागतात, कारण कॉनरॉडचे शेल सेटमध्येच मिळतात. म्हणून तिन्ही पाऊणला घासल्या. मोजलेला आकडा समोर ठेवल्यावर ग्राइंडिंगवाल्याने मजुरी घेतली नाही. शेलच्या नव्या सेटचे पैसे बापूंना पडले.

क्रँक आल्यावर पहिलं काम धुण्याचं. तेलाच्या वाटांना टोकाशी बुचं असतात, ती काढून ब्रश घालायचा, डिझेलने धुवायचं, हवा मारायची, पुन्हा धुवायचं. वस्ताद मेटल बसवायच्या आधी स्वतःचे हातही कोपरापर्यंत साबणाने धुवायचे. पोरं हसायची, "वस्ताद वझू करतायत." त्यांनी ते कधी नाकारलं नाही. वझूत जशी तरतीब असते, तशी इथेही असते. शेल अंगठ्याने दाबून बसवायचा, हातोडीने नाही. त्याची जीभ खाचेत, भोकावर भोक. पाठ कोरडी, आतून तेल. टोप्यांवर आकडे असतात, जिची जागा तिथेच आणि त्याच तोंडाने. मधल्या टोपीपासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जायचं, तीन टप्प्यांत आवळायचं, आणि प्रत्येक टोपीनंतर क्रँक हाताने फिरवून बघायची. एखाद्या टोपीनंतर ती जड झाली तर दोष त्याच टोपीत सापडतो. सगळ्या एकदम आवळल्या तर कुठे शोधणार? शेवटी थ्रस्ट वॉशर, त्यांच्या तेलाच्या खाचा क्रँककडे तोंड करून. क्रँक पुढे-मागे ढकलून फीलरने फट मोजायची. बापूंच्या इंजिनात पंधरा शतांश आली. क्रँक दोन बोटांनी फिरत होती.

चालू करताना आधी स्टॉपचा दांडा ओढून धरला, म्हणजे डिझेल जाणार नाही, आणि नुसता स्टार्टर मारला. ऑईलची सुई हळूहळू उठली. पडदा आत पोचल्याची ती खूण. मग दांडा सोडला.

तो ट्रॅक्टर तिसरा हंगाम ओढतो आहे. बापू येतात, चहा घेतात, आणि दर खेपेला कुणीतरी ऐकेल अशा बेताने म्हणतात, "ह्या मेस्त्रीनं माजं दोन दिस घालिवलं हुतं बगा." त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. कारण वाया गेलेले दोन दिवस त्यांना दिसले होते. न फुटलेलं इंजिन कुणाला दिसणार? ते बेअरिंग एक वर्षात गेलं असतं की पाच, की गेलंच नसतं, हे मलाही सिद्ध करून दाखवता येणार नाही. आमच्या कामाचा हा सगळ्यात अवघड भाग आहे. वाईट काम आवाज करतं. चांगल्या कामाचा पुरावा म्हणजे काहीही न घडणं. आणि एकदा चेंबर बंद झालं की आत काय आहे ते फक्त बांधणाऱ्याला माहीत असतं.

म्हणूनच मला हे काम अमानतीचं वाटतं. कुरआनातल्या ८३ व्या सूरेचं नावच मापात कमी करणाऱ्यांवरून पडलं आहे. आपण ती ऐकतो तेव्हा डोळ्यांपुढे तराजू येतो, धान्याचा दुकानदार येतो. माझ्या डोळ्यांपुढे मायक्रोमीटर येतो. धान्यात माप मारलं तर गिऱ्हाईक घरी जाऊन तोलून बघू शकतं. बंद इंजिनात ते शक्य नाही. तिथे मोजणारा आणि त्याला बघणारा, एवढेच दोघं असतात. वस्तादांची वही मला या वयात नीट कळू लागली आहे.

सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला, तेव्हा आपल्याकडे त्यावर पुष्कळ बोललं गेलं. मुसलमान नोकरीत कमी आणि स्वतःच्या लहानसहान धंद्यात जास्त, आणि त्यात वाहनदुरुस्तीही, हे त्यात नोंदलेलं आहे. ती नोंद दुःखाची आहे, यात वाद नाही. दारं बंद होती म्हणून कितीतरी पोरं हातात पाना घेऊन उभी राहिली. कुणाला आवडीने यायचं असेल तर गोष्ट वेगळी. दुसरं दार नाही म्हणून येणं वेगळं. आपली मुलं डॉक्टर व्हावीत, न्यायाधीश व्हावीत, प्राध्यापक व्हावीत, असं मलाही वाटतं. माझी मुलगी फार्मसी करून नोकरीला लागली, तेव्हा मोहल्ल्यात पेढे मीच वाटले. फक्त एवढंच म्हणणं आहे, की गॅरेजातल्या पोराला 'न शिकलेला' म्हणताना जरा थांबावं. शतांश मिलिमीटर वाचणारा, धातूची झीज बघून कारण सांगणारा, आकडा पटला नाही तर मोठ्या गिऱ्हाइकालाही नाही म्हणणारा मुलगा शिकलेलाच असतो. त्याच्या शिक्षणाला कागद नाही, एवढंच. तो कागद त्याला मिळवून देणं, आयटीआयमध्ये, डिप्लोमात त्याला पाठवणं, हे समाजाचं काम आहे. माझ्या भाच्याला मायक्रोमीटर धरायला मी शिकवलं, पण त्या पाचरीच्या आकाराचं गणित त्याला आयटीआयनेच आधी दिलं होतं. दोन्ही लागतं.

आमचा हा धंदा बदलतो आहे. नव्या काही गाड्यांत क्रँक घासायची सोयच कंपनीने ठेवलेली नाही, झिजली की बदला. काहींत शेलच्या कडेला रंगाचे ठिपके असतात, आणि ब्लॉकवरची, क्रँकवरची खूण जुळवून रंग निवडावा लागतो. विजेच्या गाड्यांत तर क्रँकच नाही. उद्यमनगरातल्या चहाच्या गाड्यावर आता हीच चर्चा असते. भाचा विजेच्या मोटारीचं शिकायला म्हणून एक कोर्स करतो आहे. मी त्याला अडवलं नाही. शिकलगारांनी तलवार धरून ठेवली असती तर उपाशी मेले असते. मोटारीतही आस फिरतो, त्यालाही बेअरिंग लागतं, त्यालाही जागा लागते. मोजायचं काम कुठे जात नाही.

वस्ताद जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची वही माझ्याकडे आहे. तिची पानं संपली, तेव्हा मी दुसरी केली. भाच्याला उर्दू आकडे वाचता येत नाहीत, तो मराठीत लिहितो. बापूंच्या ट्रॅक्टरचं पान त्याच्या अक्षरात आहे. चार मेन, तीन पिना, प्रत्येकीची सहा-सहा मापं, आणि खाली प्लॅस्टिगेजची ती पाचर त्याने पेन्सिलने काढून ठेवली आहे. मी काढायला सांगितली नव्हती.